वाचक विचारतात : स्टीव्हियाची गोडी

प्रश्न : मला मधुमेह आहे. स्टीव्हिया या गोड पानांच्या झुडपाने रक्तातली साखर उतरते म्हणतात. पानांचा काढा सुरू करून गोळ्या कमी करू का?

उत्तर : गोळ्यांना हात लावू नका. स्टीव्हिया साखर उतरवण्याचं औषध नव्हे. चहातली साखर जाते, हाच त्याचा खरा फायदा. त्यातली गोड द्रव्यं लहान आतड्यात शोषली जात नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांचं स्टीव्हिऑल करतात आणि ते यकृतामार्गे लघवीतून बाहेर पडतं. त्यात सुटणारं ग्लुकोज जिवाणूच वापरून टाकतात, ते रक्तातली साखर वाढवत नाही. तोंडातले जिवाणूही त्यापासून आम्ल बनवू शकत नाहीत, म्हणजे दातांनाही बरंच.

सुरक्षित मानलेली मर्यादा रोज दर किलो वजनाला ४ मिलिग्रॅम स्टीव्हिऑल. शुद्ध अर्कात स्टीव्हिऑल साधारण एक तृतीयांश धरतात, म्हणून ६० किलोच्या माणसाला अर्काच्या हिशेबात ती साधारण ७०० मिलिग्रॅम होते. मात्र ही मर्यादा शुद्ध अर्काची आहे, पानांच्या काढ्याची नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच घ्या.

पुडीच्या मागची बारीक अक्षरं जरूर वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज लिहिलं असेल तर त्याने साखर वाढते, पुढे ‘स्टीव्हिया’ कितीही मोठ्या अक्षरांत असो. आणि साखर एकदम उतरून घाम, थरथर सुरू झाली तर स्टीव्हिया कुचकामी. तेव्हा खरीच साखर हवी : १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा.

प्रश्न : शुद्ध पावडरीने चहा कडवट होतो आणि केक बसतो. असं का?

उत्तर : हात सढळ पडतोय. शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड असतो. चमचाभर साखरेच्या जागी जेमतेम २० मिलिग्रॅम लागतो, तो चिमटीत मावेल कसा? १ ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून एकूण ५० मिलिलिटर द्रावण करा. त्यातलं १ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरचे अंदाजे वीस थेंब, एका चमचा साखरेइतकं. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा.

केकचं दुखणं वेगळं. भट्टीच्या उष्णतेने गोडी टिकते, पण साखरेचा आकार, ओलावा आणि खरपूस रंग स्टीव्हिया देत नाही. निम्मी साखर ठेवून उरलेल्या निम्मीचीच गोडी अर्काने भरून काढा.

प्रश्न : कुंडीतली पानं कधी तोडावीत?

उत्तर : कळ्या धरण्याआधी. फुलोऱ्यानंतर गोडी घटते.