मूळ संख्या की अविभाज्य संख्या?

प्रश्न असा आलाय की प्राइम नंबरला (१ आणि स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी, १ पेक्षा मोठी संख्या) मराठीत काय म्हणायचं, कारण २१४७४८३६४७ ही संख्या कुठे 'मूळ' म्हणून दिलीये कुठे 'अविभाज्य' म्हणून, आणि मूळ म्हटलं की आधी वर्गमूळच आठवतं, मग बरोबर काय? (कॉम्प्युटरवाल्यांनी ही संख्या ओळखली असेलच, ३२ बिटांच्या साइन्ड इंटिजरमध्ये मावणारी सगळ्यात मोठी, २ चा ३१ वा घात वजा १.)

माझं मत मूळ. वर्गमुळातलं मूळ हे नाम आहे, विभक्ती लागली की बदलतं, वर्गमुळाचा, वर्गमुळात, समीकरणाची मुळं. मूळ संख्येतलं मूळ मात्र विशेषण, मूळ गाव, मूळ किंमत म्हणतो ना तसलं, ते जागचं हलत नाही, मूळ संख्येला, मूळ संख्यांनी. (मूळव्याध कुठल्या गटात ते तुमचं तुम्ही ठरवा.) आणि 'मुळ संख्या' असं ऱ्हस्व नका लिहू प्लीज, फार दिसतं हल्ली.

दोन्ही मुळं एका वाक्यात आली तरी घोळ होत नाही बघा: ही संख्या मूळ आहे का हे तपासायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ४६३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. आता हे हाताने करायचं म्हणजे डोक्याला ताप, पण गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली ती मूळ असल्याचं दाखवलं तेव्हा युक्ती अशी होती की हिला भाग जाणारी मूळ संख्या असलीच तर तिला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरणार, त्यामुळे बाकीच्या सगळ्या बाद. पहिली उमेदवार ३११, पुढची थेट १३०३. मी ३११ ने कागदावर भागून बघितलं, भागाकार ६९०५०९२, बाकी ३५, नाही गेला भाग.

आता गंमत बघा, त्या भागाकारात २१४७४८३६४७ ही भाज्य आणि ३११ भाजक. हिंदीतला 'अभाज्य' उचलला तर भाज्यालाच अभाज्य म्हणायची वेळ येते! 'अविभाज्य' त्यापेक्षा बरा, चूक नाही म्हणणार मी, पण आपल्याकडे तो 'अविभाज्य भाग' मध्येच इतका रुळलाय की संख्येला लावला की अडखळायला होतं. शिवाय मूळ धरलं की सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या संख्या), जोडमूळ (दोनच्या फरकाने येणाऱ्या मूळ संख्या), मूळ अवयव अशी सगळी भावंडं आयती मिळतात, 'जोडअविभाज्य' म्हणून बघा एकदा मोठ्याने. इंग्रजीतला प्राइम पण लॅटिनमधल्या 'पहिला' वरूनच आलाय, म्हणजे अर्थानेही फार लांब नाही.

जाता जाता, या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की जी परफेक्ट नंबर (स्वतः सोडून बाकी विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते ती) मिळते तिला परिपूर्ण संख्या म्हणा, पूर्ण संख्या नको, ते नाव ०, १, २, ३ ने आधीच घेतलंय.