पाणी तापलं की पिल्लं लवकर वाढतात, मग माशांचे साठे का घटतात?

तुमचा प्रश्न असा आहे: कोमट पाण्यात माशांची पिल्लं भरभर वाढतात असं वाचलंय, मग समुद्र तापल्यावर साठे, म्हणजे समुद्रातल्या माशांची एकूण संख्या, वाढायच्या ऐवजी घटतात कसे? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मधला दुवा अन्नाचा आहे आणि बातम्यांमध्ये नेमका तोच गळतो.

बहुतेक माशांच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच असतं. पाणी १० अंशांनी तापलं की त्यांचा चयापचय साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, म्हणजे नुसतं जिवंत राहायलाच तेवढं जास्त अन्न लागतं. हा खर्च भागून जे उरतं, ते वाढीला मिळतं. कॅनडातले मत्स्यशास्त्रज्ञ जे. आर. ब्रेट आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेले सॉकाय या सामन माशाच्या जातीच्या पिल्लांवरचे प्रयोग इथे फार बोलके आहेत. पोटभर खायला मिळालं तेव्हा सर्वात चांगली वाढ सुमारे १५ अंश सेल्सिअसला झाली. रोजचं खाणं अंगाच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणलं, तेव्हा तोच बिंदू ५ अंशांच्या आसपास घसरला. अर्धपोटी पिल्लाला थंड पाणीच परवडतं. कोमट पाण्यातली वेगवान वाढ आपण वाचतो ती बहुतेक टाकीतली असते, आणि टाकीत अन्न कमी पडू देत नाहीत.

समुद्रात अन्न कसं कमी पडतं? अंड्यापासून बघा. तापलेल्या पाण्यात अंडं लवकर फुटतं, पण पिल्लू सहसा लहान निघतं आणि पोटाखालच्या पिशवीतला बलक लवकर संपतो. बलक संपल्यावर थोड्याच दिवसांत तोंडात मावेल एवढा प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) मिळाला नाही तर पिल्लू मरतं. हे प्राणी ज्यावर जगतात त्या वनस्पतिप्लवकाचा बहर मात्र सूर्यप्रकाशावरही अवलंबून असतो आणि दिवस मोठा होण्याची तारीख तापमानाने सरकत नाही. त्यामुळे अंडी फुटायची वेळ आणि बहराची वेळ यांची चुकामूक होते. शिवाय पाणी तापलं की प्राणिप्लवकाची जातही बदलते: थंड पाण्यातले मोठे, चरबीने भरलेले कॉपेपॉड (कोळंबीचे सूक्ष्म भाऊबंद) जाऊन त्यांच्या जागी लहान, कमी चरबीचे येतात. तेवढंच पोट भरायला पिल्लाला जास्त शिकार करावी लागते.

अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रात २००१ ते २००५ या उबदार वर्षांत हेच दिसलं. उन्हाळ्यात पोलॉक या माशाची पिल्लं मुबलक होती, पण अंगात चरबी नव्हती. हिवाळा काढायला लागणारी शिदोरीच नसल्याने फार थोडी वाचली.

अंड्यांची सहनशक्ती तर मोठ्या माशाहून खूपच अरुंद असते. पॅसिफिक कॉड या थंड पाण्यातल्या माशाची अंडी ३ ते ६ अंशांच्या पट्ट्यात सर्वात चांगली फुटतात. २०१४ ते २०१६ च्या सागरी उष्णतेच्या लाटेत अलास्काच्या आखातात साठ्यात नव्या पिल्लांची भर पडणं घटलं आणि मोठ्या माशांचीही उपासमार झाली. २०१७ च्या पाहणीत कॉडचा साठा २०१५ च्या तुलनेत सुमारे ७१ टक्क्यांनी कमी भरला. २०२० मध्ये तिथल्या अमेरिकी केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या पाण्यात कॉडची थेट मासेमारी बंद ठेवावी लागली.

पिल्लांची वाढ मोजताना दोन चुका हमखास होतात. पिल्लाच्या कानातला खडा, म्हणजे ऑटोलिथ, घासून पातळ केला की सूक्ष्मदर्शकाखाली रोजची एक अशी वलयं दिसतात. वलय रुंद तर त्या दिवशीची वाढ चांगली. पण शरद ऋतूत जाळ्यात येतात ती वाचलेली पिल्लं. हळू वाढणारी आधीच कोणाच्या तरी पोटात गेलेली असतात. म्हणून वाईट वर्षातही वलयं झकास दिसू शकतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीचा नमुना शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

दुसरी चूक नुसती लांबी मोजण्याची. वजन (ग्रॅम) भागिले लांबीचा (सेंमी) घन, गुणिले १००, असा पिल्लू किती भरलेलं आहे ते सांगणारा आकडा काढा. ८ सेंमीचं पिल्लू ४.१ ग्रॅमचं असेल तर ०.८० येतो, ३.६ ग्रॅमचं असेल तर ०.७०. हा आकडा त्याच जातीच्या, त्याच लांबीच्या पिल्लांमध्येच ताडून बघायचा. आणि त्यावरही पूर्ण विसंबू नये, कारण उपाशी माशाच्या अंगात चरबीची जागा पाणी घेते आणि वजन फसवतं. पिल्लू वाळवून कोरडं वजन घेतलं की खरं कळतं.

मात्र प्रत्येक घट तापमानाच्या माथी मारू नका. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी १९९२ मध्ये बंद झाली तेव्हा तिथलं पाणी उलट नेहमीपेक्षा थंड होतं; मुख्य कारण अतिमासेमारी. दोन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा खरं नुकसान होतं. मासेमारीत मोठ्या, वयस्क माद्या आधी जातात. उरलेल्या तरुण माद्या अनेकदा कमी दिवसांत अंडी उरकतात, त्यामुळे बहराशी गाठ पडायची शक्यता आणखी घटते.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या मेनच्या आखातात असंच झालं. २००४ ते २०१३ या काळात तिथलं पाणी जगातल्या ९९ टक्के महासागरापेक्षा वेगाने तापलं, पण कॉडची पकडमर्यादा ठरवताना ते हिशेबात धरलं नव्हतं. मर्यादा पाळूनही पकड साठ्याला झेपेना. कॉडचं पिल्लू जाळ्यात येण्याइतकं मोठं व्हायला काही वर्षं लागतात, त्यामुळे यंदा मेलेल्या पिल्लांची उणीव पकडीत दिसेपर्यंत पुढच्या दोन-तीन हंगामांच्या मर्यादा जुन्याच अंदाजावर ठरून गेलेल्या असतात.