पणजोबांचा वस्तरा आणि बारावीनंतरची ॲडमिशन

पत्र : सर, आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ५८ टक्के. गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या ट्रंकेत त्याच्या पणजोबांचा दाढीचा जर्मन वस्तरा सापडला. तेव्हापासून मोरीपाशी दगड मांडून रोज दोन-दोन तास धार काढत बसतो. डाव्या हातावर केस म्हणून राहिला नाही. बोट दोनदा कापून घेतलं. आता म्हणतो, इंजिनिअरिंगला जाणार नाही, हेच शिकणार. ह्यांचं म्हणणं, पणजोबा गायकवाड सरकारच्या कचेरीत कारकून होते आणि हा न्हाव्याचं काम करणार का? यात पोट भरण्यासारखं काही आहे, की धरून-बांधून ॲडमिशन घेऊन टाकू? – एक आई

ताई, नमस्कार.

आधी एक गंमत. तुम्ही लिहिलंय, ‘धार काढत बसतो’. हे आपलं बडोद्याचं मराठी, गुजरातीतून आलेलं. पुण्याच्या नातेवाइकांसमोर म्हणालात तर ते म्हैस कुठे बांधलीय ते विचारतील. धार लावणं म्हणा, नाहीतर जुन्या लोकांसारखं पाजवणं म्हणा.

आता मुद्द्याचं. नुसत्या वस्तऱ्यांना धार लावून घर चालणार नाही, हे मुलाला स्पष्ट सांगा. सलूनमध्ये आता मूठ तीच, पण पातं बदलायचं असतं. अर्धं ब्लेड घालायचं, एक दाढी झाली की फेकायचं. रक्तातून पसरणाऱ्या आजारांमुळे ते योग्यही आहे. अख्ख्या पात्याचा वस्तरा आज हौशी लोक वापरतात, आणि हौशी माणूस धार बहुधा स्वतःच लावतो. म्हणजे गिऱ्हाईक म्हणावं असं कोणी उरत नाही.

म्हणून लगेच दगड माळ्यावर टाकू नका. तो नेमकं काय शिकलाय हे आपल्याला अजून माहीत नाही. हातावरचे केस उतरतात याला मी महत्त्व देत नाही. हजार नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा तितका दगड बारीक) बेव्हल, म्हणजे धारेकडे येणारा उतार, नीट बसला की हातावरचे केस उतरतातच. ती पहिली पायरी. गालावर न ओढता, न जळजळता दाढी व्हायला त्यापुढे चार-पाच हजार, आठ हजार, जमल्यास बारा हजारचा दगड आणि मग चामोटी, म्हणजे पातं फिरवायचा चामड्याचा पट्टा, एवढा प्रवास असतो. बहुतेक नवशिके पहिली पायरी कच्ची ठेवून पुढे पळतात. आठ हजारवर तासभर घासलं की पातं आरशासारखं चमकतं, आणि दाढीला मात्र केस उपटतं. खालचा उतार धारेपर्यंत पोचलेलाच नसतो, मग वर कितीही चमक आणा.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. समुपदेशनात येण्यापूर्वी मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे हत्यारं आणि साचे घडवायच्या खात्यात, होतो. पहिल्याच वर्षी बारा मिलिमीटरच्या ड्रिलला मी धार लावून दिली, छान चकाकत होती, आणि त्या दिवशीची सगळी भोकं मोठी पडली. फोरमन ओरडले नाहीत. ड्रिल आणि ते मोजायचं गेज माझ्या हातात दिलं आणि ‘बघ’ म्हणाले. मला काहीच दिसेना. अर्ध्या तासानं कळलं, टोकाकडच्या दोन कडांपैकी एक लांब होती, त्यामुळे ड्रिल मधोमध न फिरता बाजूला झुकून कापत होतं. त्या अर्ध्या तासानंतर मी चमकीवर विश्वास ठेवणं सोडलं.

तेव्हा मुलाचा हात बघू नका, त्याला प्रश्न विचारा. पहिला : वस्तऱ्याचा कोन किती, आणि तो तुला कोणी दिला? सुरीला कोन आपण हातानं धरतो. वस्तऱ्यात पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, कोन पात्याच्या घडणीतच असतो. पाठ पाच मिलिमीटर जाड आणि धार तिथून साडेसतरा मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजू मिळून साधारण सोळा अंश होतात. शाळेतलीच त्रिकोणमिती आहे. त्याला मोजून काढू द्या. म्हणूनच पाठीवर पातळ चिकटपट्टी लावली की कोन जरा वाढतो, आणि पाठ एकाच बाजूनं जास्त झिजली की सगळंच बिघडतं.

दुसरा : दगड सपाट आहे हे तुला कसं कळलं? वापरून दगड मध्ये खोलगट होतो. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून घासायचं आणि सगळ्या रेघा सारख्या पुसल्या जातात का ते बघायचं. हे तो करत नसेल तर इतके महिने खड्ड्यात घासतोय.

तिसरा प्रश्न माझा आवडता. धारेलगत काळा मार्कर फिरवून दगडावर दोन हात मारायचे. शाई कुठे राहिली? धारेच्या अगदी टोकाला राहिली तर दगड तिथे पोचत नाहीये. मधेच ठिपके राहिले तर पातं किंचित वाकडं असेल, किंवा दगड. जुन्या वस्तऱ्यात कधी गंज धारेपर्यंत खोल गेलेला असतो. मग कितीही पाजवा, धार तिथे तुटतच राहते, आणि ‘हा वस्तरा नाही होणार’ म्हणून खाली ठेवणं हेही शिकावं लागतं. पणजोबांचा आहे म्हणून ते जड जाईल, पण विचारा.

या तिन्हींवर तो अर्धा तास बोलू शकला, उलट तुम्हालाच शिकवायला लागला, तर मुलगा वाया गेलेला नाही. ‘यूट्यूबवर असंच करतात’ एवढंच आलं तर तो छंद आहे, छंद म्हणून राहू द्या.

पहिली शक्यता धरून पुढचं सांगतो. हीच नजर टूल अँड कटर ग्राइंडिंगमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या कापायच्या हत्यारांना धार लावण्याच्या कामात, लागते. कार्बाइडचे (हे पोलादापेक्षाही टणक) एंडमिल, ड्रिल, रीमर असे धातू कापायचे कटर बोथट झाले की फेकत नाहीत, डायमंड व्हीलवर पुन्हा धार लावतात. कोन मिनिटांत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात, मोजतात, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, झीज बघतात. इंजिनाच्या सिलिंडरच्या आतल्या होनिंगमध्ये, म्हणजे दगडानं घासून माप आणण्यात, तिरप्या जाळीदार रेघा मुद्दाम ठेवतात, तेल धरून राहावं म्हणून. लॅपिंग (बारीक भुकटीनं घासून सपाट करणं), गेज, मोजमापाची प्रयोगशाळा ही सगळी त्याच घरातली भावंडं. मकरपुऱ्यात फिरलात तर एका गल्लीत चार पाट्या दिसतील.

शिक्षणाची वाट दोन-तीन प्रकारे जाते. आयटीआयला ‘मशिनिस्ट (ग्राइंडर)’ आणि ‘टूल अँड डाय मेकर’ असे ट्रेड आहेत. तरसाली आणि गोरवा दोन्हीकडे जाऊन यंदा कोणता चालू आहे ते स्वतः विचारा. तिथून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि पुढे डिग्रीलाही जाता येतं, म्हणजे आज इंजिनिअरिंगला नाही म्हटलं तरी दार कायमचं बंद होत नाही. केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाचं इंडो-जर्मन टूलरूम अहमदाबादला आहे आणि इंदूरलाही. तिथली टूल अँड डाय मेकिंगची पदविका मला या मुलासाठी साध्या मेकॅनिकलपेक्षा बरी वाटते. वर्गापेक्षा मशीनवर जास्त उभं राहावं लागतं, आणि त्याला उभं राहायचंच आहे.

स्वतःचं काम करायचंच असेल तर सलूनच्या कात्र्या, शिंप्यांच्या कात्र्या, छापखान्याची कागद कापायची पाती, सुतारांच्या रंध्याची पाती यांना गिऱ्हाईक आहे. गल्लीत सायकलवर चाक घेऊन येणारा सराणिया हेच करतो, आणि त्याच्याकडे दोन दिवस बसायला माझी हरकत नाही. फक्त सुक्या चाकाची घाई तिथून उचलू नये. पोलाद तापून निळं पडलं की तिथला टणकपणा गेला. महागड्या जपानी कात्रीवर हे एकदा झालं की तो सलूनवाला पुन्हा येत नाही.

आता श्रीयुतांबद्दल. पणजोबा कारकून होते आणि रोज सकाळी हाच वस्तरा स्वतः चामोटीवर फिरवत असणार, नाहीतर तो ट्रंकेत आला कुठून? दुसरं, सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते हातानं काम करणाऱ्यांच्या शिक्षणासाठीच. आज आपण एम. एस. युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणून जी मिरवतो ती त्यातूनच आली. आणि नाभिकाचं काम म्हणून नाक मुरडायचं असेल तर पॅथॉलॉजीवाल्यांकडेही मुरडावं लागेल. गाठीचा तुकडा मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, कापायची पोलादी सुरी तेही कित्येक वर्षं अशीच हातानं, पाठीला आधार लावून पाजवत. आता तिथेही फेकायची ब्लेड आली.

बोटाचं म्हणाल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय ना, तेवढं बघा. चामोटीवर पातं पालटताना पाठीवरून पालटायचं, धारेवरून नाही. बोटं आणि चामडं दोन्ही तिथेच कापली जातात.

ॲडमिशनचे फॉर्म भरून ठेवा, फी अजून भरू नका. येत्या रविवारी त्याला घेऊन या. दगड, वस्तरा, काळा मार्कर आणि एक भिंग आणायला सांगा. चामोटी मुद्दाम घरी ठेवा. तिच्यावर पॉलिशची पेस्ट लावून कच्ची धारही तासभर शहाणी दिसते, आणि मला ती दिसायला नकोय.