चिंतेच्या आजाराला उपचारांनी गुण येत नसेल तर काय पाहावे?

तुम्ही विचारले आहे की, तुमच्या बत्तीस वर्षांच्या भावाला चार वर्षांपासून घबराटीचे झटके येतात, तीन डॉक्टर बदलून झाले, गोळ्या आजही चालू आहेत आणि तरीही तो एकटा घराबाहेर पडत नाही. तेव्हा हा आजार औषधांना दाद न देणाराच मानायचा का? मी कोल्हापुरात मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमच्या भावाला तपासलेले नसल्यामुळे त्याचे निदान येथे करणार नाही. परंतु ‘गुणच येत नाही’ म्हणून येणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत मी काय पाहतो ते सांगतो. माझे मत आधीच नोंदवतो: अशा बहुतेक फायलींमध्ये औषधांची नावे पुष्कळ असतात, पण नीट पूर्ण झालेला उपचार क्वचितच सापडतो.

असा रुग्ण येतो तेव्हा सोबत बहुधा कापड दुकानाची एक पिशवी असते. तीत ईसीजींची चळत, टूडी इकोचा अहवाल, जुन्या चिठ्ठ्या आणि अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या टेबलावर ओळीने मांडून मी एवढेच विचारतो की कोणती गोळी किती मिलिग्रॅमची होती आणि किती आठवडे घेतली. उत्तरे साधारण अशी येतात: एस्सिटालोप्रॅम 5 मिलिग्रॅम पंधरा दिवस, मळमळ झाली म्हणून बंद, मग सर्ट्रालिन 25 मिलिग्रॅम तीन आठवडे, फरक पडला नाही म्हणून डॉक्टर बदलले. आता एस्सिटालोप्रॅमची नेहमीची मात्रा 10 ते 20 मिलिग्रॅम आणि सर्ट्रालिनची 50 ते 200 मिलिग्रॅम असते. त्यांचा परिणाम दिसू लागायलाच चार ते सहा आठवडे लागतात, आणि औषध निरुपयोगी ठरवण्यापूर्वी पुरेशा मात्रेवर आठ ते बारा आठवडे जाऊ द्यावे लागतात. शिवाय सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते. हे कोणी आधी सांगितले नाही, तर रुग्ण ‘औषधाने उलट बिघडले’ असे समजून गोळी सोडतो. पुरुष रुग्ण गोळी सोडण्याचे आणखी एक कारण म्हणजे या औषधांचा लैंगिक संबंधांवर होणारा परिणाम. हे आई-बहिणीसमोर कोणी बोलत नाही, म्हणून रुग्णाशी काही वेळ एकट्याशी बोलल्याशिवाय मी औषध बदलत नाही.

निदानही पुन्हा तपासावे लागते. थायरॉइडची अतिक्रियाशीलता, रक्तक्षय, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, दम्यासाठी घेतले जाणारे साल्ब्युटामॉल यांमुळे हुबेहूब घबराटीसारखी धडधड होते. दिवसभराचा चहा आणि मिश्री त्यात भर घालतात. दारूविषयी तर स्पष्टच विचारावे लागते, कारण संध्याकाळी घेतलेल्या दोन पेगांनी थांबलेली धडधड पहाटे नशा उतरताना दुपटीने परत येते आणि ती आजाराच्याच खात्यात जमा होते. मंत्रचळाचा विकार, म्हणजे ओसीडी, 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात चिंतेच्या विकारांपासून वेगळा केला गेला आहे. त्याला बहुधा जास्त मात्रा लागते आणि मानसोपचारही वेगळ्या पद्धतीने करावे लागतात. आपल्याकडे 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर, पंचगंगेचे पाणी वाढल्याची बातमी आली की ज्यांची झोप उडते, अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या चिठ्ठीवर नुसते ‘अँग्झायटी’ लिहिलेले असते आणि त्या रात्री काय घडले हे कोणी विचारलेले नसते.

आता ज्या मुद्द्यावर माझ्या मते सर्वांत जास्त उपचार अडकतात, त्याकडे येतो. तुमच्या भावाच्या गोळ्यांत अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम आहे का, ते पाहा. घबराट शमवण्यासाठी दिली जाणारी ही औषधे भारतात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि अल्प्राझोलम ‘एच-1’ अनुसूचीत असल्यामुळे दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. थोड्या दिवसांसाठी ती उपयोगी असतात. परंतु घबराटीचा झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि अर्ध्या-पाऊण तासात आपोआप ओसरतो. गोळीलाही परिणाम दाखवायला साधारण तेवढाच वेळ लागतो. झटका स्वतःहून जातो आणि श्रेय गोळीला मिळते. काही महिन्यांनी परिस्थिती अशी होते की, गोळी घेण्याचीही गरज उरत नाही, ती शर्टाच्या खिशात असली की माणूस बाहेर पडतो आणि नसली की उंबऱ्यावरून मागे फिरतो. पाण्याची बाटली, दर तासाला बोटाला लावलेले ऑक्सिमीटर, केएमटीच्या (शहर बसच्या) दाराजवळचीच जागा आणि (राग मानू नये) सोबत येणारी बहीण, ही सगळी त्याच जातीची साधने आहेत. त्यांच्यामुळे ‘यांच्याविना आपण मेलो असतो’ हा समज कधी तपासलाच जात नाही. मात्र अल्प्राझोलम बऱ्याच महिन्यांपासून चालू असेल तर ते अचानक बंद करू नका. त्याने फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

हा समज तपासून पाहण्याची रीतसर पद्धत आहे. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडले की, शरीरातल्या साध्या संवेदनांचा ‘आता हार्ट अटॅक येणार’ असा अर्थ लावल्यामुळे भीती वाढते, भीतीने संवेदना वाढतात आणि हे चक्र झटक्यापर्यंत जाते. म्हणून संज्ञानात्मक वर्तन उपचारात, म्हणजे सीबीटीमध्ये, त्या संवेदना मुद्दाम निर्माण केल्या जातात. रुग्ण एक मिनिट जागच्या जागी पळतो, फिरत्या खुर्चीत गरगर फिरतो, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घेतो. पहिल्या दिवशी स्ट्रॉ तोंडात धरताच हात थरथरतात आणि ‘डॉक्टर, बस झालं’ असे शब्द ठरलेले असतात. काही बैठकांनंतर तोच माणूस घड्याळाकडे बघत मिनिट पुरे करतो. हृदयरोग, दमा, फिट किंवा गरोदरपण असल्यास हे प्रयोग करत नाहीत, आणि पहिल्यांदा ते तज्ज्ञासमोरच करायचे असतात. त्यानंतर केएमटीने एक थांबा, मग चार थांबे, सोमवारी दुपारचा, अंबाबाई मंदिराजवळचा महाद्वार रोड आणि बऱ्याच नंतर नवरात्रातला महाद्वार रोड, अशी चढती यादी करून सराव होतो. खिशात गोळी न ठेवता आणि सोबत कोणी न घेता. साधारण बारा ते पंधरा बैठका लागतात. भावाने ‘समुपदेशन करून झाले’ असे म्हटले असेल, तर त्यात असा घरचा सराव दिला होता का, हे विचारा. ‘टेन्शन घेऊ नका, सकारात्मक विचार करा’ एवढेच सांगितले गेले असेल, तर सीबीटी अजून झालेलीच नाही.

हे सर्व नीट होऊनही पुरेसा आराम न पडणारे रुग्ण असतात, आणि त्यांना ‘मनावर घेतलं की जमतं’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसारही, औषधे आणि मानसोपचार दोन्ही पुरेशा प्रमाणात देऊन अपुरे ठरले तरच आजाराला उपचार-प्रतिरोधक म्हणावे. तेव्हाही मार्ग संपत नाहीत. व्हेन्लाफॅक्सिन देता येते. झटक्यांसाठी इमिप्रामिन किंवा क्लोमिप्रामिन ही जुनी औषधे आजही उपयोगी पडतात. सततच्या काळजीच्या विकारात प्रेगाबालिनचा आधार घेता येतो. या टप्प्यावर मी रुग्णाला भीती किती वाटली हे कमी विचारतो आणि आठवड्यात कुठे-कुठे जाऊन आला हे जास्त विचारतो, कारण धडधड थोडी शिल्लक असतानाही कामावर जाणारे लोक माझ्याकडे आहेत.

घरातले कोणी बाहेरची बाधा म्हणत असतील, तर नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जाण्याला माझा आक्षेप नाही. गोळ्या बंद करून जाण्याला आहे.

पुढच्या भेटीपूर्वी एका कागदावर प्रत्येक औषधाचे नाव, सर्वांत जास्त पोहोचलेली मात्रा, किती आठवडे घेतले आणि का सोडले, हे लिहून काढा. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. खाजगी खर्च झेपत नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. जीव नकोसा झाल्याचे भाऊ बोलत असेल, तर मात्र कागद तयार होण्याची वाट पाहू नका. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि त्या भेटीला तुम्ही नक्की सोबत जा.