पूर्वज्ञानाचा रकाना

नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

बी.एड.च्या पहिल्या वर्षाचं, वर्गातल्या विविधतेवरचं तुझं चिंतनलेखन वाचलं. अक्षर सुबक, मुद्दे अधोरेखित, मार्क नक्की मिळतील. ‘भारतीय वर्ग विविधतेने नटलेला असून शिक्षकाने सर्वांना सामावून घेणे आवश्यक आहे’ हे वाक्य परीक्षकांना आवडेल. त्याच्याशी भांडावं असं त्यात काहीच नाही, हाच त्याचा दोष. मूल कसं शिकतं ते सांगणारे पियाजे आहेत, वायगॉट्स्की आहेत, शिकण्याच्या उद्दिष्टांचं ब्लूमचं वर्गीकरण आहे. पण एवढ्या लिखाणात मूल एकही नाही. एखादं मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारं, एखादं उत्तर येत असून हात वर न करणारं, असं कोणीतरी हवं होतं.

आता तुझी सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव, सुरू होईल. २०१५ मध्ये बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हा बरीच कुरकुर झाली होती, पण शाळेत इतके दिवस सलग राहायला मिळतं, ही त्यातली खरी कमाई. जाण्याआधी एकाच गोष्टीबद्दल सांगते.

पाठाच्या टाचणात, म्हणजे तासाआधी लिहायच्या आराखड्यात, हेतुकथनाच्या (आज काय शिकायचं ते सांगण्याच्या) आधी ‘पूर्वज्ञान’ असा रकाना असतो. त्यात तू लिहिलं आहेस, ‘विद्यार्थ्यांना शेतीविषयी सामान्य माहिती आहे.’ सगळेच असं लिहितात. सीनियरच्या फाईलवरून उतरवतात, मार्गदर्शक सही करतात, आणि गाडी उद्दिष्टांकडे निघते. खरं तर हर्बार्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंचपदीची, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्यांची, पहिली पायरीच मुलाच्या मनात आधी काय आहे ते वर आणण्याची. विविधतेवरचा तुझा अख्खा पेपर त्या दोन इंचांच्या रकान्यात मावतो, असं माझं मत आहे.

दिंडोरी किंवा निफाडकडचा, द्राक्षबागांच्या भागातला आठवीचा वर्ग डोळ्यांसमोर आण. एका बाकावर बागाईतदाराचा मुलगा. दुसऱ्या बाकावर, भात काढून झाल्यावर सुरगाण्याहून किंवा पेठहून बागेत कामाला आलेल्या घरातली मुलगी. द्राक्षातलं दोघांनाही तुझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला गोडी छाटणी (फळासाठीची) कधी धरली, फवारण्या किती झाल्या, अवकाळी पाऊस आला की घरात कसं वातावरण होतं, हे ठाऊक. तिला घडांची विरळणी करताना कुठले मणी ठेवायचे, उक्त्या कामात माणशी काय पडतं, मुकादमाचा हिशेब कुठे हलतो, हे ठाऊक. तू टक्केवारी शिकवायला उभी राहतेस, ‘परिसराशी सांगड’ घालायची म्हणून उत्साहाने पहिलाच प्रश्न टाकतेस, ‘कोणाकोणाच्या घरी बाग आहे? किती एकर?’ निम्मे हात वर जातात. उरलेल्यांना त्यांची जागा कळते. निरीक्षणाच्या वहीत मात्र नोंद होते, ‘प्रस्तावना उत्तम’.

त्याच बागेवर दुसरं गणित बांध. एका एकराची विरळणी उक्ती दिली. सहा जणांनी चार दिवसांत संपवली. आठ जण असते तर किती दिवस लागले असते? मजुरी माणशी रोज किती पडली असती? मालकाने दहा टक्के वाढवून दिले तर? इथे त्या मुलीचं डोकं सगळ्यांच्या आधी चालेल. आणि बागाईतदाराच्या मुलाकडे तोच आकडा खर्चाच्या बाजूने आलेला असतो, तोही मागे पडणार नाही. दोघांचीही माहिती खरी. फक्त ‘तुझे आईवडील मजुरीला जातात ना, मग तू सांग’ असं चुकूनही म्हणू नकोस. मुलीने आपणहून सांगितलं तर ऐक. तिची गरिबी हे तुझं शैक्षणिक साहित्य नव्हे.

अशी मुलं वर्षाच्या मधेच येतात आणि हंगाम उठला की जातात. हजेरीपटात पुढे रेघा दिसतात, तिकडे गावच्या शाळेतही रेघाच. तुला तिचं स्थलांतर थांबवता येणार नाही. पण मराठी माध्यमाला बालभारतीचं पुस्तक इथे आणि सुरगाण्यात एकच असतं. पहिल्या दिवशी तिच्यापुढे पुस्तक उघडून ‘इथवर झालंय का?’ एवढं विचारायला किती वेळ लागतो? मी हे करणारे शिक्षक पाहिले आहेत, फार थोडे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, हे तू परीक्षेसाठी पाठ केलंस. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं आणि शाळा त्यात बसवली, अशा अंगाने तो धडा पुन्हा वाच.

भाषेचं म्हणशील तर आपला जिल्हा म्हणजे एक प्रकरणच आहे. बागलाण-मालेगावकडे अहिराणी, कळवण-सुरगाण्याकडे कोकणा, मालेगाव शहरात उर्दू, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागच्या वस्त्यांत हिंदी आणि भोजपुरी. शहरातल्या मराठी शाळेच्या एका वर्गात यातल्या दोन-तीन तरी सहज भेटतील. एखादी मुलगी उठून म्हणेल, ‘माले समजनं नही.’ वर्ग हसेल. त्या क्षणी तू काय करतेस, यावर पुढचे सोळा आठवडे ठरतात. तूही गालात हसलीस तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ तुम्ही शारीरिक शिक्षेसाठी लक्षात ठेवता, पण त्यात मानसिक छळालाही मनाई आहे, आणि बोलण्याची टिंगल त्यातच मोडते असं मी मानते. तिला तिच्या भाषेत उत्तर पुरं करू दे. मधे दुरुस्ती नको. मग तेच तू पुस्तकी मराठीत फळ्यावर लिही, म्हणजे तिला दोन्ही मिळेल. आणि ‘त्वरण’, ‘वस्तुमान’ हे शब्द गंगापूर रोडच्या बंगल्यातही कोणी बोलत नाही. विज्ञानाच्या तासाला सगळा वर्गच परभाषेत बसलेला असतो, पण अहिराणी बोलणाऱ्याचीच भाषा ‘कच्ची’ ठरते.

एक पान मात्र फाडून टाक. मुलांचे तू दृक, श्राव्य आणि कृतिशील असे तीन गट पाडले आहेस आणि प्रत्येक गटासाठी वेगळी पद्धत सुचवली आहेस. दिसायला छान आहे. पण अशा शैलींप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा आधार सापडत नाही, असं २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासून मांडलं. बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते असं मांडणाऱ्या गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्तांनाही तू त्यातच गुंडाळलं आहेस. खुद्द गार्डनरनी या दोन गोष्टी एक नाहीत असं सांगितलेलं आहे. याच्या उलट वायगॉट्स्कीचं पान ठेव, ते रोज लागेल. मूल एकट्याने कुठवर जातं आणि थोड्या मदतीने कुठवर, हे पाहायचं तर आधी ते आज कुठे उभं आहे ते कळायला हवं. म्हणजे पुन्हा तोच रकाना.

सूक्ष्म अध्यापनाबद्दल फार लिहीत नाही. सहा मिनिटांचा पाठ, समोर सातवीतली मुलं बनलेल्या तुझ्याच मैत्रिणी, सगळ्या शहाण्यासारखे हात वर करणाऱ्या. आवाज आणि फलकलेखन सुधारतं, तेवढं घ्यावं.

२०१६ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे २१ प्रकार तुला ओळीने येतात. वर्गात ते प्रमाणपत्र हातात घेऊन येत नाहीत. डोळे बारीक करून फळा बघणारा मुलगा असतो, शेजारच्याची वही बघून लिहिणारी मुलगी असते, आणि शिक्षक त्यांना आळशी किंवा कॉपीबहाद्दर म्हणून मोकळे होतात. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत लिही. खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो का, ते शेवटच्या बाकावर स्वतः बसून बघ. याला खर्च शून्य.

इंग्रजी शाळेत नेमणूक झाली, तर शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांवरची मुलं आठवीत कशी गप्प होतात ते पाहा. मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे, नववीची फी पुढे दिसत असते. अशा वर्गात ‘उद्या प्रोजेक्टचं सामान घरून आणा’ म्हणताना हजारदा विचार कर.

नोकरीचं तुझ्या डोक्यात घोळत असेलच. ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते पाचवीची दारं बी.एड.वाल्यांना बंद झाली, तेव्हा तुझ्या वाट्याला सहावीपासून वरचीच मुलं येणार. ती पाच वर्षं शाळेत काढून आलेली असतील. काहींना अस्खलित वाचता येईल, काही अजून अक्षरं जुळवत असतील, आणि दोघांच्याही दप्तरात सहावीचंच पुस्तक असेल. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडून चार ओळी वाचून घे, पण एकेकट्याला, व्हरांड्यात, वर्गासमोर नको. पाठांची संख्या भरायची घाई या आठवड्यात करू नकोस, पाठ होतील.

रकान्यात हे सगळं लिहायला गेलीस तर मार्गदर्शक तांबड्या पेनाने काट मारतील, ‘नमुन्याप्रमाणे लिहा’. वाद घालू नकोस, तुझे मार्क त्यांच्या हातात आहेत. फाईलमध्ये त्यांना हवं ते एक वाक्य लिही आणि कागदाच्या मागे पेन्सिलीने खरं पूर्वज्ञान लिही. कोणाला काय येतं, कोण कशाला अडतं, कोण परवापासून आलं नाही. मुलांची आडनावं आणि जाती मात्र तिथे नकोत, फाईल चार हातांतून फिरते.

पहिल्या पाच पाठांची टाचणं फोटो काढून मला पाठव. दोन्ही बाजू.

कळावे,
तुझ्या मॅडम