पाण्याचा अणू की पाण्याचा रेणू?

एका ताईंनी विचारलंय: “मुलगी मराठी माध्यमात नववीत आहे. घरी ती विज्ञानाचे हिंदी व्हिडिओ बघते. परवा तिने वहीत ‘पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू असतात’ असं लिहिलं आणि बाईंनी त्यावर लाल फुली मारली. व्हिडिओत तर तसंच सांगितलं होतं. मग चूक कोणाची, हिंदीची की आपली?”

ताई, चूक दोघांचीही नाही. पण लाल फुली योग्यच आहे, कारण ‘पाण्याचा अणू’ नावाची वस्तू मराठीत नाही.

दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी ठेवून बघा. हिंदीत: ‘पानी के एक अणु में तीन परमाणु होते हैं।’ मराठीत: ‘पाण्याच्या एका रेणूत तीन अणू असतात.’ ‘अणु’ हा शब्द दोन्हींत आहे. हिंदीत तो अख्ख्या पाण्याच्या कणाला लावलाय, तर मराठीत त्या कणातल्या हायड्रोजनच्या दोन आणि ऑक्सिजनच्या एका तुकड्याला. एकच शब्द एक पायरी वर-खाली सरकलाय. म्हणून तर मुंबईतल्या ज्या संस्थेला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो, तिचं हिंदी नाव भाभा परमाणु अनुसंधान केंद्र आहे. आपला अणुबॉम्ब, त्यांचा परमाणु बम.

हे असं का झालं असावं? वैशेषिक दर्शनात, म्हणजे प्राचीन भारतीय तत्त्वज्ञानाच्या एका शाखेत, पदार्थाचा सगळ्यात बारीक, आणखी न फुटणारा कण म्हणजे परमाणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक. त्यालाच त्रसरेणू असंही म्हणतात. झरोक्यातून उन्हाची तिरीप आली की तिच्यात तरंगताना दिसतो तो धुळीचा कण, अशी त्याची ओळख करून देतात. हिंदीने या उतरंडीतलं ‘परमाणु’ हे टोक धरलं. ग्रीकमधल्या ‘अ‍ॅटम’चा अर्थही ‘न चिरता येणारा’ असाच आहे, तेव्हा हिंदीची निवड अर्थाला अगदी चिकटून आहे, हे मान्य करायलाच हवं.

तरी मला आपली जोडी जास्त आवडते. रेणू म्हणजे धूळ, धुळीचा कण. त्रसरेणूतला रेणूही हाच, अनेक बारीक कण एकत्र येऊन झालेला. शिवाय ‘अणुरेणू’ ही जोडी मराठी कानाला शाळेच्या कितीतरी आधीपासून ओळखीची आहे. ‘अणुरेणियां थोकडा । तुका आकाशाएवढा’ हे आपल्याकडे रसायनशास्त्राचा तास सुरू होण्याच्या दोनेकशे वर्षं आधीचं. शास्त्राला शब्द हवा होता तेव्हा तो भाषेच्या अंगणातच सापडला, याचं मला फार अप्रूप आहे.

मुलीला हेही सांगा की या दोन कणांची गल्लत मोठमोठ्यांनी केली आहे. 1808 साली आपला अणुसिद्धांत पुस्तकरूपाने मांडणारा इंग्रज शास्त्रज्ञ डाल्टन पाण्याच्या कणालाही ‘संयुक्त अणू’च म्हणायचा, आणि त्यात हायड्रोजनचा एकच अणू धरायचा. अ‍ॅव्होगाड्रोने 1811 मध्ये दोन पातळ्या वेगळ्या करून दाखवल्या, पण फारसं कुणी ऐकलं नाही. 1860 साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारोने तोच मुद्दा लावून धरला, तेव्हा कुठे रसायनशास्त्रज्ञ एकमताकडे वळू लागले. म्हणजे पन्नास वर्षं गेली. तुमच्या मुलीला एक आठवडा लागला तर बिघडत नाही.

जीवशास्त्रात मात्र याहून मोठा खड्डा आहे, तो आताच दाखवून ठेवते. तिच्या पुस्तकात ‘पेशी’ आहे. हिंदीत तिला ‘कोशिका’ म्हणतात, आणि ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. व्हिडिओत ‘पेशीय ऊतक’ ऐकलं की मराठी मूल ‘पेशींची ऊती’ (ऊती म्हणजे टिश्यू, एकसारख्या पेशींचा समूह) असं समजतं, आणि सगळ्याच ऊती पेशींच्या असतात म्हणून गोंधळून जातं. तिथे म्हणायचं असतं ‘स्नायू ऊती’.

इथे जुना अर्थ हिंदीने सांभाळलाय आणि आपण बदललाय. सुश्रुतसंहितेत माणसाच्या शरीरात 500 पेशी सांगितल्या आहेत. आजच्या मराठी अर्थाने वाचलं तर हा आकडा हास्यास्पद वाटेल, कारण अंगात तीस लाख कोटींच्या आसपास पेशी असतात. पण सुश्रुतांची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायू. तशा अर्थाने वाचलं तर आकडा अगदी समजण्यासारखा आहे. आणि ‘स्नायू’ची तऱ्हा आणखी वेगळी: आयुर्वेदात तो सांधे बांधून ठेवणारा बंध, आणि बंगालीत मज्जातंतू! या बाबतीत ‘कोशिका’ हा शब्द मला जास्त नेमका वाटतो. पण रक्तातल्या तांबड्या-पांढऱ्या पेशी आता दवाखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहेत. त्या मागे घेता येणार नाहीत आणि घेऊही नयेत.

व्हिडिओ बंद करू नका. फक्त वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखून द्या. परमाणु–अणू, अणु–रेणू, तत्व–मूलद्रव्य, यौगिक–संयुग, कोशिका–पेशी, पेशी–स्नायू. नवा शब्द अडला की तिने स्वतः भर घालायची. आणि लिहिताना एक लक्षात ठेवायला सांगा: सुटा शब्द असेल तर अणू, रेणू दीर्घ, समासात पहिला आला की ऱ्हस्व. अणुअंक, रेणुसूत्र.