उत्तर: पेताँवरचा प्रबंध अडलाय? "म्हातारा फसला" हे प्रकरण लिहू नका

तुम्ही लिहिलंय की १९१६ पर्यंतचा पेताँ (व्हर्दूनच्या लढाईत नाव कमावलेला फ्रेंच सेनापती) झरझर लिहून झाला, पण १९४० चा पेताँ (जर्मनीपुढे हरलेल्या फ्रान्सचा प्रमुख) त्याला जोडताच येत नाहीये आणि गाइड म्हणतात वयाची शोकांतिका म्हणून जोडून मोकळे व्हा. अगदी याच खड्ड्यात मी बरीच वर्षं बसून होतो म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. आधीच सांगतो, मी प्राध्यापक नाही, फ्रेंच कामापुरतं येतं, आणि प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असतात.

व्हर्दूनची लढाई, जर्मनीशी झालेला १९४० चा रेथाँदचा तह वगैरे तुम्हाला पाठच असणार, ते सोडतो. माझं म्हणणं इतकंच की माणूस बदललाच नव्हता. व्हर्दूनला त्याने काय केलं? बार-ल-द्युकचा एकच रस्ता धरून ट्रकची रांग रात्रंदिवस चालू ठेवली, तुकड्या पिळून निघायच्या आत मागे घेऊन नव्या पाठवल्या. १९१७ च्या फ्रेंच सैनिकांच्या बंडानंतर रजा आणि जेवण सुधारलं, आणि काहींना गोळ्याही घातल्या. म्हणजे सैनिक जपायचा पण शिस्त मोडली की खैर नाही, आणि लढाईबद्दल मूळचाच निराशावादी. आता १७ जून १९४० चं रेडिओवरचं भाषण वाचा. तहावर सही व्हायला अजून पाच दिवस आहेत आणि हा सांगतोय लढाई थांबवली पाहिजे! लोकांनी ऐकलं कारण सांगणारा व्हर्दूनवाला होता. १० जुलैला व्हिशीत (पराभवानंतर सरकार याच गावात होतं) संसदेने ५६९ विरुद्ध ८० मतांनी त्याच्या हाती सगळी सत्ता दिली तीही त्याच पुण्याईवर.

आणि "८४ वर्षांचा होता, लाव्हालने (त्याच्या मंत्र्याने) गुंडाळला" हे कृपा करून लिहू नका. ऑक्टोबर १९४० च्या ज्यूविरोधी कायद्याचा मसुदा २०१० मध्ये उजेडात आला, त्यावर पेताँच्या हातच्या दुरुस्त्या आहेत. १८६० च्या आधीपासून फ्रेंच असलेल्या ज्यू घराण्यांना मूळ मसुद्यात सूट होती, ती त्याने खोडली. शिक्षक आणि न्यायाधीश यांच्यावरची बंदी वाढवली. जर्मनांनी हा कायदा मागितलेलाही नव्हता. गुंडाळलेला म्हातारा असा एकेक कलम बघत बसतो का हो? १९४५ च्या खटल्यात त्याने "मी फ्रान्सची ढाल होतो" अशी बाजू मांडली, तीच आजही लोक घोकतात. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये तेरा हजारांच्या आसपास ज्यू पकडले गेले, त्यात चार हजारांवर मुलं, आणि पकडणारे फ्रेंच पोलीस. ही कसली ढाल?

आता मला सगळ्यात महागात काय पडलं ते. माझ्या आराखड्यात प्रकरणं अशी नोंदलेली: "वीर", मग "वृद्ध", मग "बंदी" (म्हणजे कैदी). मसुद्याची बातमी वाचल्यावर मधलं प्रकरण बदलायला हवं होतं, म्हणून गाइडच्या सहीने अर्ज दिला. विद्यापीठाच्या कार्यालयातल्या (नाव घेत नाही) बाईंनी अर्ज उलटासुलटा करून बघितला, इनवर्डचा शिक्का मारला आणि म्हणाल्या, समितीची मीटिंग झाली की कळवू. मीटिंग कधी? ते ठरलं की कळवू. पुढच्या वेळी गेलो तर इनवर्ड नंबर रजिस्टरमध्ये आहे, अर्ज फाइलमध्ये नाही, "दुसरी कॉपी द्या". दिली. मग शेरा आला, मांडणी एकांगी वाटते, दोन्ही बाजूंचा समतोल ठेवावा. इथे माझं डोकं फिरलं. समतोल कशाकशाचा, खोडलेल्या ओळीचा आणि न खोडलेल्या ओळीचा? तोवर मुदत संपली, मुदतवाढीची फी मीच भरली, आणि पावतीवर वर्ष चुकीचं पडलं म्हणून ती दुरुस्त करायला परत लाइनीत. असो.

तर तुम्ही प्रकरणांची नावं आत्ताच ढोबळ ठेवा, "१९१४ ते १९३९", "१९४० ते १९४४" अशी सरळ, म्हणजे आत काय लिहायचं ते तुमच्या हातात राहतं. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, फोटो काढून ठेवा. गाइडशी वाद घालू नका, मसुद्याचा फोटो प्रिंट काढून टेबलावर ठेवा, माझे तेवढ्यावर ऐकले. (सगळ्यांचे ऐकतील असं नाही.)

फ्रेंच कच्चं असेल तरी गॅलिकावर (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची वेबसाइट) त्या काळातली वर्तमानपत्रं फुकट आहेत. मशीनचं भाषांतर चालतं, फक्त नकार नीट तपासा, तिथे ते हमखास गडबडतं. दगॉल (१९४० नंतर पेताँविरुद्ध उभा राहिलेला फ्रेंच नेता) आधी पेताँच्याच रेजिमेंटमध्ये होता हा धागा मोहात पाडतो, अर्धं पान द्या, जास्त नको. आणि १९७३ मध्ये काही उजव्या मंडळींनी व्हर्दूनजवळ पुरायचं म्हणून यू बेटावरून (पेताँ तिथेच कैदेत वारला) त्याची शवपेटी पळवली होती, तो किस्सा तळटीपेतच ठेवा. मी चांगली दोन पानं दिली होती, व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी त्याच्याशिवाय दुसरं काही विचारलंच नाही.